पांढरा ठिपका

डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा पुन्हा लागला, तेव्हा सून गाडीतून खाली उतरलीच नाही. तिने गॅरेजच्या दारात व्हॅन उभी केली, इंजिन चालूच ठेवलं आणि काच खाली करून नुसतं सासऱ्याकडे, मिस्त्रीकडे, बघितलं. मिस्त्रीने हातातला पाना बाकावर ठेवला, हात पुसले आणि स्कॅनर आणायला आत गेला.

"तोच असेल ना?" तिने विचारलं.

"बघू तर दे."

बघण्यासारखं काही नव्हतंच. स्कॅनरच्या पडद्यावर तोच कोड उमटला, जो गेल्या खेपेला उमटला होता आणि त्याच्या आधीच्या खेपेलाही. क्रँकच्या सेन्सरचा सिग्नल बरोबर नाही. मिस्त्रीने बटण दाबून कोड पुसला आणि दिवा विझला. पण असा दिवा विझवणं म्हणजे रडणाऱ्या पोराच्या तोंडावर हात ठेवणं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. पोर रडायचं थांबत नाही, फक्त आपल्याला ऐकू येत नाही.

सेन्सर ह्या जातीवर मिस्त्रीचा पहिल्यापासून राग. जुन्या इंजिनाला काही झालं की ते स्वतः बोलायचं. खडखडायचं, धूर ओकायचं, तापायचं. नव्या इंजिनांनी बोलायचं काम ह्या चहाडखोरांवर सोपवलं, आणि चहाडखोर कधी पूर्ण सांगतो का? क्रँक म्हणजे इंजिनाच्या पोटातला तो वाकडातिकडा लोखंडी दांडा, पिस्टन वरखाली नाचले की जो गरगर फिरतो आणि शेवटी चाकं फिरवतो. तो किती वेगाने फिरतोय आणि ह्या क्षणी नेमका कुठे आहे, एवढंच सांगायचं ह्या सेन्सरचं काम. आता त्याने 'सिग्नल बरोबर नाही' म्हटलं, की दोष सांगणाऱ्याचा, तारेचा की खुद्द फिरणाऱ्याचा, हे शोधत आपण बसायचं.

मिस्त्रीने शोधलं होतं. आधी सेन्सर बदलला. मग त्या बदललेल्या सेन्सरवरच संशय घेऊन तिसरा आणला. तारा सोलून बघितल्या, जोड घासले, अर्थिंगची पट्टी काढून चकचकीत करून पुन्हा बसवली. प्रत्येक वेळी दिवा काही दिवस गप्प बसायचा आणि सून 'आता नाही हं येत' म्हणेपर्यंत हजर व्हायचा.

व्हॅन तिचीच होती. तिचं धुलाईचं दुकान होतं. दवाखान्यांच्या आणि लॉजांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल उचलून आणायचे, धुऊन, इस्त्री करून पोचते करायचे. व्हॅन म्हातारी झाली, तेल प्यायला लागली, चढावर धापा टाकायला लागली, तेव्हा नवऱ्याने तिला शब्द दिला, "इंजिन असं बांधून देतो की तू म्हातारी होशील, पण ते होणार नाही." हा नवरा म्हणजे मिस्त्रीचा एकुलता एक मुलगा. त्याच्या दाढीत पांढरे केस दिसायला लागले तरी मिस्त्री त्याला बाळ्याच म्हणायचा, आणि मुद्दाम गिऱ्हाइकांसमोर म्हणायचा.

बापलेक एकाच छपराखाली काम करायचे. एकमेकांच्या कामात नाक खुपसलं की भांडण ठरलेलं, म्हणून गॅरेजात एक कायदा होता. बोल्ट शेवटचा आवळून झाला की त्याच्या डोक्यावर रंगाचा ठिपका द्यायचा. मिस्त्रीचा लाल, बाळ्याचा पांढरा. ठिपका नसेल तर बोल्ट आवळलेलाच नाही असं समजायचं. आणि दुसऱ्याचा ठिपका त्याला विचारल्याशिवाय मोडायचा नाही. बाळ्या नवशिका होता तेव्हा त्याची लुडबूड थांबवायला मिस्त्रीने हा कायदा केला, आणि पुढे बाळ्याने तो बापावरच उलटवला. "बाबा, पांढरा आहे तो! विचारलंत का?" असं तो गाडीखालून ओरडायचा आणि मिस्त्री चडफडत पाना खाली ठेवायचा. गिऱ्हाइकांची फुकट करमणूक व्हायची.

ह्या इंजिनाचीही वाटणी झाली होती. खालचं काम बाळ्याचं, म्हणजे क्रँक, त्याची बेअरिंगं, पिस्टन आणि बुडाला तेलाचं चेंबर. वरचं डोकं, त्याला क्रँकशी जोडणारी पुढची चेन आणि मागचं फ्लायव्हीलचं जड चाक, गिअरबॉक्स हे बापाचं. बाळ्याने आपलं काम संपवलं, चेंबरच्या बोल्टांवर ओळीने पांढरे ठिपके दिले आणि इंजिन आपल्या फिरत्या स्टँडवर टांगून ठेवलं. हा स्टँड त्याने हौसेने आणलेला. इंजिनाला मागून पकडायचं आणि मग हवं तसं गरकन फिरवायचं. मिस्त्रीला तो डोळ्यांसमोर नको असायचा. त्याची पद्धत वेगळी होती. चेन घालायची तर जमिनीवर दोन फळ्या टाकायच्या आणि त्यांच्यावर इंजिन शेपटीवर, म्हणजे मागच्या अंगावर, उभं करायचं, तोंड आकाशाकडे. चेन सरळ खाली लोंबते, दाता चुकत नाही. त्याला शिकवणाऱ्याने असंच शिकवलं होतं आणि त्याने आयुष्यभर तसंच केलं.

"बाबा, चेन स्टँडवरच घाला हं," बाळ्या म्हणाला होता. "ह्याला शेपटीवर उभं करू नका. ह्याला मागच्या बाजूला..."

"आता तू मला चेन घालायला शिकवणार?"

"अहो, पूर्ण ऐकून तर घ्या."

"तू रांगत होतास ना, तेव्हापासून मी इंजिनं उभी करतोय. जा, चहा सांग."

बाळ्या हसला, त्याने कोपरापासून हात जोडले आणि चहा न सांगताच वर घरात जाऊन पडला. डोकं दुखतंय म्हणाला. डोकं त्याचं बरेच दिवस दुखत होतं. त्याच दिवसांत त्याने एका गाडीला एअर फिल्टर न घालताच वरचं झाकण लावलं होतं, किल्ल्या कुठेतरी ठेवून सगळं गॅरेज धुंडाळलं होतं, आणि मिस्त्री दर वेळी एकच ओरडायचा, "लक्ष कुठे आहे तुझं?" त्याच आठवड्यात एका सकाळी बाळ्या जिन्यात बसला तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. आधीपासून पाझरत असणार, म्हणाले. घरच्यांना काही जाणवलं नाही का?

त्या प्रश्नाला मिस्त्रीने तेव्हा मान हलवली होती. कशासाठी हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, हे त्याचं त्यालाही माहीत नव्हतं.

पुढे बऱ्याच दिवसांनी त्याने गॅरेज उघडलं आणि व्हॅनचं इंजिन पूर्ण केलं. पोराचा शब्द होता, तो मोडून चालणार नव्हता. इंजिन एका दमात सुरू झालं. सुनेने बॉनेटवर हात ठेवून ते ऐकलं आणि त्या दिवशी घरात पहिल्यांदा तिघंही पोटभर जेवली, ती, मिस्त्री आणि तिची छोटी मुलगी चिमणी. मग तो दिवा लागला.

शेवटी मिस्त्रीने झटक्याला बोलावलं. झटक्या गाड्यांच्या तारांचं काम करायचा. तारेत वीज आहे की नाही हे तरुणपणी तो बोट लावून बघायचा, म्हणून हे नाव पडलं, आणि आता त्याच्याकडे चांगली महागडी यंत्रं आली तरी ते गेलं नाही. त्याने सेन्सरच्या तारेला आपल्या यंत्राच्या चिमट्या लावल्या, इंजिन चालू केलं आणि पडदा मिस्त्रीकडे वळवला. पडद्यावर करवतीच्या दात्यांसारखी रेघ धावत होती.

"हे बघा मिस्त्री. प्रत्येक दाता एक उसळी. सगळ्या उसळ्या सारख्या पाहिजेत. आणि हे बघा, इथे."

तीन-चार उसळ्या खुजट होत्या. रेघ पुढे धावली, क्रँकचा एक फेरा झाला आणि पुन्हा त्याच जागी तेच खुजे दाते आले.

"म्हणजे सेन्सर चांगला आहे," झटक्या म्हणाला. "तारा चांगल्या आहेत. तुम्ही उगाच सेन्सरवाल्यांची पोटं भरलीत. जे आहे ते आत आहे. क्रँक फिरताना सेन्सरपासून लांब सरकतोय."

"का सरकेल?"

झटक्या हातातल्या चिमटीशी चाळा करत राहिला. त्यालाही माहीत होतं खालचं काम कुणाचं ते. "आता मी काय सांगू तुम्हाला? क्रँकला पुढेमागे सरकू न देणाऱ्या त्या पातळ चंद्रकोरीसारख्या वॉशरी असतात ना, त्यातली एखादी उलटी बसली तर ती झिजते आणि क्रँक खेळायला लागतो. असं होऊ शकतं. होतंच असं नाही." मग त्याने विचारलं, "पुढून पुलीला डायल लावून बघितला का? किती खेळतोय ते कळेल."

"बघितला," मिस्त्री म्हणाला. "ठीक आहे तो."

झटक्याने मान डोलावली आणि चिमट्या गुंडाळल्या.

मिस्त्रीने डायल लावला नव्हता. खरं तर सोपं काम होतं. पुलीवर डायलची टोकणी टेकवायची, पहारीने क्रँक हलकेच पुढेमागे रेटायचा आणि काटा किती सरकतो ते बघायचं. चहा गार व्हायच्या आत उत्तर मिळतं. पहिल्यांदा दिवा लागला तेव्हाच हे त्याच्या मनात आलं होतं, आणि तेव्हापासून तो सेन्सर बदलत होता. कामाच्या बाबतीत तो आजवर कुणाशी खोटं बोलला नव्हता. आज बोलला, तेही झटक्याशी, ज्याला घाबरून थाप मारावी असा त्याचा धाक कधीच कुणाला नव्हता.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी व्हॅन नदीच्या पुलावर बंद पडली. गाडी भरधाव असतानाच इंजिन मेलं. मागे चादरींची गाठोडी, शेजारी चिमणी, आणि मागून येणारा ट्रक. ट्रकवाल्याने ब्रेक मारला म्हणून निभावलं. लोकांनी व्हॅन ढकलून पुलापलीकडे नेली आणि तिथून ती दोराने ओढत गॅरेजात आली.

सून उतरली. चिमणीला तिने वर पाठवलं आणि गॅरेजचं एक दार लोटून घेतलं. मिस्त्रीला वाटलं ही आता रडेल किंवा ओरडेल. ती उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसली.

"बाबा, तुम्ही डायल लावला नाहीत ना?"

मिस्त्रीने बाकावरचा पाना उचलून उगाच दुसरीकडे ठेवला.

"झटक्याभावजी दुकानात आले होते. म्हणाले, डायल लावून बघितला असं मिस्त्रीच म्हणाले म्हणून मी गप्प बसलो, पण डायलच्या डबीवर बोटभर धूळ होती."

"त्याचं लक्ष सगळीकडे असतं," मिस्त्री पुटपुटला.

"का नाही लावलात?"

"भीती वाटते."

हा शब्द त्याच्या तोंडून तिने कधी ऐकला नव्हता. मिस्त्री बाकाला टेकून उभा होता.

"असं बघ," तो म्हणाला. "वॉशर उलटी घालणं ही बाळ्याची चूक नव्हे. तो झोपेतसुद्धा सुलटी घालेल. ती उलटी निघाली, तर त्याचा अर्थ एकच. तेव्हाच त्याच्या डोक्यात ते सुरू झालं होतं. तो माझ्यापासून दोन हातांवर उभा होता, त्याचे हात चुकत होते, आणि मी त्याला विचारत होतो, लक्ष कुठे आहे तुझं म्हणून. डॉक्टरांनी विचारलं ना, काही जाणवलं नाही का? ह्याचं उत्तर त्या चेंबरात आहे. मला ते नकोय."

"मीही ओरडले होते," सून म्हणाली. "दूध उतू गेलं म्हणून. गॅससमोर उभा होता, आणि उतू गेलं. मी म्हटलं, डोळे आहेत का बटणं?" तिने तळहाताने तोंड पुसलं. "मी काय करू? मी पण आता गॅससमोर उभं राहणं सोडू का?"

मिस्त्री हातांवरचं काळं तेल फडक्याला पुसत राहिला.

"त्याने चूक केली असेल तर केली असेल, बाबा. माणूस गेला म्हणून त्याला चुकायचीही बंदी का? आणि आज चिमणी गाडीत होती. त्याच्या चुकीला हात लावायचा नाही म्हणून त्याची पोर घालवणार आहात का?"

"त्याचे ठिपके आहेत त्यावर," मिस्त्री अगदी हळू म्हणाला. "विचारल्याशिवाय मोडायचे नाहीत."

"मग त्याच्या वतीने मी सांगते," ती म्हणाली आणि उठली. "मोडा."

मिस्त्रीने कपाट उघडलं, डबी काढली, फुंकर मारून धूळ उडवली. डायल पुलीसमोर बसवताना टोकणी दोनदा घसरली. शेवटी सुनेने दिव्याचा झोत धरला आणि त्याने पहारीचं टोक नीट टेकवलं.

"तू रेट," तो म्हणाला. "हलकेच. मी काटा बघतो."

तिने रेटलं. काटा हलला. केसभर हलला आणि थांबला.

"आता उलट्या दिशेने."

काटा परत आपल्या जागी आला. मिस्त्रीने चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला. "परत एकदा." तिने परत रेटलं. तेवढाच. जेवढा हलायला हवा तेवढाच, ना कमी ना जास्त. त्याने आपल्या हातांनी रेटून बघितलं, मग पुली अर्धा फेरा फिरवून बघितलं. काट्याने आपला हेका सोडला नाही.

"काय झालं?" सुनेने घाबरून विचारलं, कारण मिस्त्री खाली जमिनीवर बसला होता, तेलाच्या डागांवर, पाय पसरून.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "वॉशरी सुलट्या आहेत. क्रँक जिथल्या तिथे आहे. त्याचे हात बरोबर होते गं. डोकं दुखत होतं, पण हात बरोबर होते."

सून त्याच्या शेजारी बसली. दोघंही रडली. बाळ्या गेला तेव्हा पाहुण्यांच्या गर्दीत त्यांना असं एकत्र रडायला सवडच मिळाली नव्हती. बऱ्याच वेळाने तिने नाक पुसलं आणि विचारलं, "मग गाडी बंद का पडते?"

मिस्त्रीला ह्याचं उत्तर माहीत नव्हतं. पण आता ते शोधायला तो मोकळा होता.

दुसऱ्या दिवशी झटक्या मदतीला आला आणि दोघांनी गिअरबॉक्स खाली उतरवला. हे सगळे लाल ठिपके होते, मिस्त्रीचे स्वतःचे, ते मोडायला कुणाला विचारायचं नव्हतं. फ्लायव्हीलचे बोल्ट सुटले, जड चाक दोघांनी मिळून उचलून बाजूला ठेवलं, आणि त्याच्या मागची चकती उघडी पडली. पातळ पत्र्याची, कडेला बारीक दाते असलेली. हेच दाते सेन्सर मोजायचा. जुन्या इंजिनांना मागे असं काही नसायचं, नुसतं जाडजूड लोखंड असायचं. ह्या चकतीकडे मिस्त्रीने फ्लायव्हील चढवताना बघितलंही असेल, पण त्या दिवसांत त्याच्या डोळ्यांना दिसत काय होतं?

एका बाजूचे तीन-चार दाते आत दबलेले होते. नखाच्या जाडीइतकेही नाहीत. तेवढं पुरलं होतं.

"सापडलं!" झटक्या म्हणाला. "घ्या, एवढ्याशा गोष्टीने छळलं आपल्याला. पण हे चेपलं कशाने? कारखान्यातूनच अशी आली असेल. हल्ली काय, कसलाही माल पाठवतात."

मिस्त्री वाकून बघत होता. दबलेल्या दात्यांच्या मागे, कडेच्या फटीत, काहीतरी अडकलं होतं. त्याने चिमट्याने ते ओढून काढलं आणि तळहातावर घेतलं. लाकडाची ढलपी होती, तिच्या एका अंगाला निळा रंग.

"कारखान्यातूनच असेल," झटक्या पुन्हा म्हणाला. ह्या वेळी त्याने मिस्त्रीकडे बघितलं नाही. त्यालाही ढलपी दिसली होती, आणि गॅरेजच्या कोपऱ्यात जुन्या निळ्या दाराच्या दोन फळ्या वर्षानुवर्षं कशासाठी ठेवल्यात, हे ह्या गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं?

"नाही," मिस्त्री म्हणाला.

तो कोपऱ्यात गेला, वरची फळी उचलून उजेडात आणली, आणि तिच्या कडेला जिथे खपली निघालेली होती तिथे ती ढलपी ठेवली. ती बरोबर बसली. सगळ्या इंजिनाचं वजन त्याने ह्या फळीवर दिलं होतं, शेपटीवर उभं करून, तोंड आकाशाकडे. फळी जराशी आत सरकली असणार आणि चकतीची कड तिच्यावर टेकली असणार. चेनचा मात्र एक दाता चुकला नव्हता.

ह्याला शेपटीवर उभं करू नका. ह्याला मागच्या बाजूला...

चकती आहे. एवढंच म्हणायचं होतं पोराला. दोन शब्द राहिले होते त्याचे, आणि ते ऐकून घ्यायला मिस्त्रीला वेळ नव्हता. त्याला चहा हवा होता.

झटक्या हळूच बाहेर जाऊन उभा राहिला. मिस्त्री फळी हातात धरून तसाच जिना चढून वर गेला. सून इस्त्रीच्या चादरींच्या घड्या मोजत होती. फळी बघून तिला काहीच कळेना.

"माझ्यामुळे झालं," मिस्त्री म्हणाला. "हिच्यावर उभं केलं मी इंजिन. त्याने मला नको म्हणून सांगितलं होतं. मी त्याला बोलूही दिलं नाही. पुलावर जे झालं असतं ते माझ्यामुळे झालं असतं."

मिस्त्रीच्या चेहऱ्यावर तिला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. एवढी मोठी चूक कबूल करताना माणूस इतका मोकळा दिसावा, हे तिने बघितलं नव्हतं.

"त्याचं बरोबर होतं," तो म्हणाला. "खालचंही, आणि मला सांगत होता तेही. सगळं बरोबर होतं त्याचं."

"हे एकदा त्याच्या तोंडावर म्हणायला हवं होतंत, बाबा." तिच्या बोलण्यात राग नव्हता. "फार वाट बघायचा हो तो."

"हो," मिस्त्री म्हणाला. ह्याच्यावर काही औषध नव्हतं आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. तो खाली उतरला, फळी झटक्याच्या हातात दिली, आणि झटक्याने तिचे दोन तुकडे केले.

नवी चकती आली. ती बसवायचं एक खास हत्यार लागतं, ते बाळ्याच्या खणात होतं, फडक्यात गुंडाळून ठेवलेलं. मिस्त्रीने ते काढलं, काम झाल्यावर पुसलं आणि त्याच फडक्यात गुंडाळून तिथेच ठेवलं. फ्लायव्हील चढलं, गिअरबॉक्स चढला, लाल ठिपके नव्याने दिले गेले. गाडीखालून बाहेर सरकताना चेंबरच्या बोल्टांची ओळ त्याच्या तोंडावरून गेली. सगळे पांढरे ठिपके शाबूत होते. एकाही बोल्टाला पाना लावावा लागला नव्हता. तो तिथे जरा वेळ पडून राहिला, गरज नसताना.

पहिल्या फेरीला सून म्हणाली, "तुम्ही शेजारी बसा." चिमणी मागे गाठोड्यांवर चढून बसली आणि आजोबांच्या टकलावर बोटांनी तबला वाजवायला लागली. एरवी मिस्त्री ओरडला असता. गाडी गल्लीतून बाहेर पडली, दवाखान्यांच्या फाटकांशी थांबत गेली, आणि मग नदीकडे वळली. सुनेने स्टिअरिंग घट्ट धरलं. पुलाच्या चढावर तिने पाय दाबला, इंजिनाने आवाज चढवला, आणि ज्या जागी ते मेलं होतं ती जागा आली आणि मागे पडली.

"लागला नाही," ती म्हणाली. तिची नजर अजून त्या दिव्याच्या जागेवरून हटत नव्हती. "आता परत लागेल का हो, बाबा?"

मिस्त्रीने खिडकीतून बाहेर बघितलं. पायाखाली इंजिन एका सुरात चाललं होतं.

"वरचं काही सांगता येत नाही, ते मी केलंय," तो म्हणाला. "खालची काळजी करू नकोस. ते काम बाळ्याचं आहे."